चमक कुठे नको, ते आधी ठरवा

कागद-कात्री : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकाच विषयाची गर्दी आहे. मुलांच्या हातात पोकेमॉनची, क्रिकेटपटूंची चमचमणारी कार्डं असतात, तिरकी धरली की त्यांच्यावरून रंग धावतात. तसंच कार्ड, पण आपल्या चित्राचं, आपल्या माणसाचं, घरी कसं करायचं, असं अनेकांनी विचारलंय. मिरजेत आमचं लग्नपत्रिकांचं आणि स्क्रीन प्रिंटिंगचं वर्कशॉप आहे. फॉइल आणि चमकी कागद रोजच्या हाताखालचे, त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार आनंद झाला. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते निवडलेत.

*मुलगा पाचवीत आहे. त्याच्या वाढदिवसाला आमच्या मोतीचं, म्हणजे आमच्या कुत्र्याचं कार्ड करायचं ठरवलं. होलोग्राफिक स्टिकर शीट मागवली आणि घरच्या इंकजेटवर फोटो छापला. मोबाइलवर मोती पांढराशुभ्र दिसतो. छापल्यावर मोतीच गायब, नुसती चमक आणि तिच्यात दोन काळे डोळे. प्रिंटर बिघडलाय का?*
— एक आई, चिपळूण

प्रिंटर ठणठणीत आहे. घरच्या प्रिंटरमध्ये चार रंगांची शाई असते, फोटोच्या प्रिंटरमध्ये बहुधा सहा, पण पांढरी शाई त्यांत नसते. एरवी तिची उणीव जाणवत नाही, कारण पांढरा रंग कागदच पुरवतो. चित्रात जिथे पांढरं असतं तिथे प्रिंटर काही टाकतच नाही. तुमच्या शीटवर कागदाच्या पांढऱ्याऐवजी चंदेरी चमक आहे. मोतीच्या अंगावर शाई पडलीच नाही, म्हणून सगळा मोती चमकला. बाकीची शाईही पारदर्शक असते. पिवळा, आकाशी, माणसाच्या कातडीचा रंग, या सगळ्यांतून खालची चमक वर येते. तिला झाकतो तो दाट काळाच. डोळे म्हणून शिल्लक राहिले.

तेव्हा कार्ड करायला बसलात की पहिल्यांदा हे ठरवा, की यात काय चमकायला नको. सगळेजण नेमका उलटा विचार करतात, चमक कशी आणायची याचा. चमक शीटबरोबर विकत मिळते. ती अडवायची कुठे, यात खरं काम आहे. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनची पहिली कार्डं निघाली. त्यांतल्या होलो कार्डांवर चित्राच्या चौकटीतली पार्श्वभूमी चमकते आणि प्राणी तिच्यापुढे ठोस उभा दिसतो, कारण छापखान्यात प्राण्याच्या खाली आधी पांढरी शाई दिलेली असते. पुढे याच्या उलट प्रकारही आला : चित्र साधं आणि बाकीचं कार्ड चमकतं. मोतीसाठी पहिला प्रकार घ्या.

आता पांढरं आणायचं कुठून? सगळ्यांत सोपा मार्ग सांगते. इंकजेटवर चालणारी पारदर्शक स्टिकर शीट आणा आणि तिच्यावर पूर्ण कार्ड छापा. मग साध्या पांढऱ्या स्टिकर कागदावर, अगदी त्याच मापात, मोतीची नुसती बाह्यरेषा फिकट करड्या रंगात छापा. शाई नीट वाळू द्या. आता बारीक पात्याच्या क्राफ्ट नाइफने त्या रेषेच्या आतून, अर्धा मिलिमीटर सोडून, मोती कापून घ्या. बाहेरून कापलात तर मोतीभोवती पांढरी कड दिसेल, आणि डोळा नेमका तिथेच जातो. अर्धा मिलिमीटर आत असलं की कडेच्या केसांवर किंचित चमक येते आणि ती छानच दिसते.

यापुढचं पाच मिनिटांचं काम घाई न करता करा. पारदर्शक स्टिकरचा पाठकागद काढा आणि स्टिकर चिकट बाजू वर करून काचेवर ठेवा. काचेखाली मोबाइलचा टॉर्च लावा. उलटा मोती स्वच्छ दिसेल. कापलेला पांढरा तुकडा चिमट्याने उचला. त्याचा स्वतःचा पाठकागद अजून काढायचा नाही. छापील रेषेची बाजू खाली करून तो मोतीच्या जागेवर टेकवा. आधी नाक जुळवा, मग कान, मग शेपटीकडे या. आमच्या कामात याला रजिस्टर जुळवणं म्हणतात, आणि माझ्या मते कार्डाची सगळी शान यातच आहे. नीट बसला की त्या तुकड्याचा पाठकागद काढा. आता मागची सगळी बाजू एकसारखी चिकट झाली. हा पूर्ण थर होलो शीटवर एका कडेपासून बसवत न्या. जुन्या एटीएम कार्डाला मऊ फडकं गुंडाळून, मधून कडेकडे हवा काढत दाबत जा. मोती दुधासारखा पांढरा आणि त्याच्यामागे चमक, असं कार्ड हातात येईल.

ज्यांचा हात रंगकामात बसलेला आहे त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, आणि मला स्वतःला हाच जास्त आवडतो. काचेवर मागून चित्र काढायची कला आपल्याकडे जुनी आहे. त्यात पुढचे बारकावे आधी आणि मागचा रंग शेवटी भरतात. तसंच इथे. चित्र आरशातल्यासारखं उलटं करा आणि रंगीत लेझर प्रिंटरवर ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर, छापून घ्या. दुकानदाराला शीट लेझरचीच लागेल असं बजावून सांगा, कारण इंकजेटची शीट लेझर मशीनच्या उष्णतेत वितळून आत अडकते. छापील बाजूवर, जिथे चमक नको तिथे, पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग दोन पातळ हातांत द्या. लेझरची पावडर पाण्याने सुटत नाही, म्हणून हे जमतं. इंकजेटच्या प्रिंटवर ओला रंग लावला तर शाई फुटेल. रंग वाळला की दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पारदर्शक शीटने ते होलो शीटवर बसवा. चित्र प्लास्टिकच्या आत राहतं, बोटांनी घासलं जात नाही. शिवाय पांढरा कुठे दाट आणि कुठे विरळ द्यायचा हे तुमच्या हातात असतं. विरळ पांढऱ्यातून जी मंद चमक येते ती कात्रीने कापलेल्या तुकड्यात कधीच येत नाही.

आणि दोन्ही नको असेल तर मोबाइल कव्हरवर फोटो छापून देणारं दुकान गाठा. तिथल्या यूव्ही मशीनमध्ये बहुतेक वेळा पांढरी शाई असते. पांढरं कुठे हवं त्याची वेगळी फाइल द्या आणि आधी पांढरं, त्यावर रंग, असं सांगा.

*मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आम्ही मित्रांनी स्वतःचा कार्ड गेम तयार केलाय. छापलेल्या कार्डावर वरून चिकटवायची पारदर्शक होलो फिल्म मिळते, तुटक्या काचेची किंवा ताऱ्यांची नक्षी असलेली. ती बरी की खालून लावायची शीट? एका मित्राने ग्लॉसी फोटो पेपरवर छापून लगेच हॉट लॅमिनेशन केलं, तर चित्र दुधाळ झालं.*
— एक विद्यार्थी, पुणे

दोन्ही फिल्म चमकतात, पण त्यांना चालणारी चित्रं मात्र एकमेकांच्या अगदी उलट लागतात, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही.

खालून लावायच्या शीटवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. आलेला बहुतेक उजेड ती परत फेकते. तिच्यावर हलके, उजळ, पारदर्शक रंग खुलतात आणि गडद रंग चमक गिळून टाकतात. वरून लावायच्या फिल्ममध्ये अ‍ॅल्युमिनियम चालणारच नाही, चित्र झाकलं जाईल. म्हणून तिच्यात झिंक सल्फाइडसारख्या पारदर्शक पदार्थाचा थर असतो, जो थोडासाच उजेड परत फेकतो आणि बाकीचा खाली चित्रापर्यंत जाऊ देतो. चित्र पांढरट असेल तर कागदावरून परत येणाऱ्या भरपूर उजेडात ती थोडी चमक बुडून जाते. चित्र काळंभोर असेल तर खालून काहीच परत येत नाही आणि नक्षी झळाळून उठते. रात्रीचं आकाश, गुहा, समुद्राचा तळ, काळा घोडा अशी चित्रं असतील तर वरची फिल्म घ्या. एकच फिल्म एका पांढऱ्या आणि एका काळ्या छापील चौकोनावर शेजारी शेजारी चिकटवून बघा, फरक लगेच कळेल.

खेळाची कार्डं म्हणजे संख्या जास्त, रोज हाताळणार. तुमच्यासाठी वरची फिल्मच सोयीची. फक्त तिच्यात चमक अडवता येत नाही, नियमांच्या मजकुरावरूनही तारे फिरणार. म्हणून मजकूर मोठा आणि ठसठशीत ठेवा, त्याच्यामागे फिकट, सपाट रंग द्या. फिकट जागेवर नक्षी आपोआप मंदावते. म्हणजे इथेही चमक आवरता येतेच, ती रंगांच्या निवडीतून.

दुधाळपणाचं कारण बहुधा शाईतली ओल. ग्लॉसी फोटो पेपरला मागून-पुढून प्लास्टिकचा लेप असतो, आतली ओल लवकर बाहेर पडत नाही. वरून गरम फिल्म बसली की ती तिथेच कोंडते. छापलेली शीट निदान रात्रभर मोकळी ठेवा, एकावर एक रचू नका. जाड मॅट कागद घेतलात तर काम आणखी सोपं होईल. आणि या फिल्मसाठी कोल्ड लॅमिनेशनच करा, म्हणजे नुसत्या दाबाने चिकटणारी घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीवाल्यांकडे, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर चौकशी करा. पूर्ण रोल घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घ्या.

*मी सातवीत आहे. माझ्याकडे एक होलो कार्ड आहे. उन्हात त्यावर इंद्रधनुष्य दिसतं, पण वर्गात ट्यूबलाइटखाली ते फिकट दिसतं. कार्डात रंग भरलेले असतात का? मग ते वर्गात कुठे जातात?*
— एक विद्यार्थिनी, परभणी

किती बारकाईने बघितलंस! कार्डाच्या चमकत्या भागात ते रंग भरलेले नसतात. तिथे रेषा असतात. प्लास्टिकच्या फिल्मवर इतक्या बारीक आणि इतक्या जवळजवळ रेषा उमटवलेल्या असतात की दोन रेषांमधलं अंतर साधारण एका मायक्रॉनच्या आसपास असतं. एका मिलिमीटरमध्ये १,००० मायक्रॉन असतात, म्हणजे बघ. घरात जुनी सीडी असेल तर तीही उन्हात धर. तिच्यावरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं आणि तीही तशीच रंग दाखवते.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. या रेषांवर आपटून परत येताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. तुझा डोळा एका ठिकाणी असतो, म्हणून एका जागेवरून तुला हिरवा दिसतो, कार्ड किंचित कललं की त्याच जागेवरून लाल. सूर्य आपल्याला एका छोट्या जागेतून उजेड देतो, त्यामुळे रंग वेगळे वेगळे पोचतात. ट्यूबलाइट लांबलचक असते. तिच्या प्रत्येक भागातून निघालेलं इंद्रधनुष्य दुसऱ्यावर चढतं आणि सगळे रंग पुन्हा मिसळून फिकट होतात. ढगाळ दिवशीही तसंच होतं. रात्री खोलीत अंधार कर, मोबाइलचा टॉर्च लांबून कार्डावर टाक आणि कार्ड हळूहळू फिरव. वर्गातही टॉर्च लावलास तर गेलेलं इंद्रधनुष्य परत येईल.

होलोग्राफीची कल्पना डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञांना १९४७ साली इंग्लंडमध्ये सुचली. त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारायचा होता! १९७१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. साध्या पांढऱ्या उजेडात दिसणारा इंद्रधनुषी होलोग्राम स्टीफन बेंटन यांनी १९६८ मध्ये केला, आणि १९८३ पासून मास्टरकार्डच्या कार्डांवर होलोग्राम येऊ लागला, नकली कार्डं ओळखता यावीत म्हणून. होलोग्राममध्ये वस्तूची खोली दिसते, डोकं हलवलं की तिची दुसरी बाजू दिसते. खेळाच्या कार्डांवर बहुतेक वेळा तेवढं नसतं, नुसत्या रेषांची नक्षी असते. तुझ्या कार्डात खोली दिसते का, बघ आणि मला लिहून कळव.

*नातवासाठी हौसेने होलो कार्डं केली. जून लागला आणि सगळी वाकली. पुस्तकांखाली दाबली की सरळ होतात, बाहेर काढली की दोन दिवसांत पुन्हा तशीच. आमच्या दमट हवेत हे काम होणारच नाही का?*
— निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

सर, होईल. तुमच्या गावाइतकं कार्डांचं काम महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावाने केलंय?

कार्ड वाकतं कारण त्याच्या दोन बाजू वेगळ्या वागतात. कागद हवेतली ओल पितो आणि फुगून किंचित लांब होतो. प्लास्टिकची फिल्म आहे तेवढीच राहते. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणून कार्ड फिल्मच्या बाजूला आत वळतं. आमच्याकडे मिरजेत एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट होतं : कागद सुकून आखडतो आणि चमकती बाजू फुगीर होते, एका बाजूने वाळलेल्या पापडासारखी. आपलं कार्ड कुठल्या बाजूला वळलंय ते बघितलं की ओल जास्त की कमी हे कळतं. पुस्तकांखाली दाबून भागत नाही ते याचसाठी, दाबल्याने कागदातली ओल जात नाही.

उपाय म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करा. पुढे जितक्या जाडीची फिल्म, तितक्याच जाडीची साधी पारदर्शक फिल्म पाठीलाही लावा. मग दोन्हीकडून सारखी ओढ लागते आणि मधल्या कागदापर्यंत ओल पोचायला चार कडाच उरतात. चिकटवण्याआधी कागद कोरडा हवा. आदल्या दिवशी तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. शक्य असेल तर नातवाची कार्डं दिवाळीनंतर करा, कोकणातली हवा तेव्हा या कामाला उत्तम. आता वाकलेली आहेत ती त्याच डब्यात चार-पाच दिवस ठेवा, सरळ झाली की लगेच पाठीला फिल्म लावा आणि मग एक रात्र वजनाखाली ठेवा.

तुमच्या गावच्या गंजिफाच्या, म्हणजे खेळायच्या जुन्या पत्त्यांच्या, कारागिरांनी हे दमट हवेतच साधलं. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेला पत्ता, त्यावर हाताने रंगवलेलं चित्र, वर लाखेचा थर. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, राजा आणि प्रधान धरून. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. नातवाला घेऊन राजवाड्यात जरूर जा. मत्स्यावताराचा पत्ता त्याला दाखवा आणि होलो कार्डावर त्याचा स्वतःचा मत्स्य काढायला सांगा. पाणी चमकू दे, मासा नको.

*जुन्या, दुहेरी झालेल्या होलो कार्डांवरची शाई नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून खालची चमक पुन्हा वापरता येते असं मुलगी म्हणते. करू देऊ का?*
— एक बाबा, अमरावती

मुलीला एकटीला करू देऊ नका. काम होतं ते अ‍ॅसिटोनने. ते भराभर उडतं आणि त्याची वाफ पटकन पेट घेते. गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांतलं काहीही जवळपास पेटलेलं नको. खिडक्या उघड्या हव्यात, हातात ब्युटाइल रबराचे मोजे हवेत (नायट्राइलमधून अ‍ॅसिटोन लवकर आत शिरतं) आणि बोळे मोठ्या माणसाने फिरवायला हवेत. रिमूव्हरमध्ये तेल आणि रंग मिसळलेले असतात, त्यांचा तवंग कार्डावर राहतो आणि पुढचं काही चिकटत नाही. अ‍ॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरने शाई नीट निघत नाही. पीव्हीसीच्या कार्डाला तर अ‍ॅसिटोन लावूच नका, प्लास्टिक मऊ पडतं. एवढं सगळं सांभाळून शेवटी हाती लागते ती दोन बोटांची चमकी पट्टी. नवीन शीटमध्ये त्यापेक्षा किती तरी जास्त जागा मिळते. माझं मत विचाराल तर मुलीला शीट आणून द्या.

*दिवाळीच्या प्रदर्शनात अशा कार्डांचा स्टॉल लावायचा विचार आहे. पोकेमॉन आणि क्रिकेटपटूंची कार्डं हातोहात जातील. कायद्याची काही अडचण येईल का?*
— एक गृहिणी, नाशिक

ताई, येईल. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, खाजगी वापरासाठी रास्त मर्यादेत सूट आहे. मुलासाठी घरी एक कार्ड करणं आणि तेच टेबलावर मांडून विकणं यांत फार मोठं अंतर आहे. पोकेमॉनची चित्रं त्या कंपनीची, क्रिकेटपटूचा फोटो बहुधा तो काढणाऱ्या छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या संस्थेचा. परवानगीशिवाय विकू नका. दुसरी गोष्ट मला कायद्याहून जास्त महत्त्वाची वाटते. कार्डाची पाठ कधीही मूळ कार्डासारखी करू नका, घरच्या वापरासाठी केलं तरी. मुलं अदलाबदल करतात, आणि तुमचं सुंदर कार्ड तिसऱ्याच मुलाच्या हातात खरं म्हणून पोचतं. त्यात त्या मुलाचे साठवलेले पैसे बुडतात. पाठीवर तुमची स्वतःची नक्षी हवी आणि ठळक अक्षरांत ‘हातानं केलेलं’ असं लिहिलेलं हवं.

पण स्टॉल जरूर लावा. विकण्यासारखं पुष्कळ आहे. किल्ले, पक्षी, वारीतली वाद्यं, तुमच्या नाशिकचे घाट. चित्रं तुमची किंवा ज्या चित्रकाराची असतील त्याच्या परवानगीने. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली आहेत. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या छापील तसबिरी घरोघरी पोचल्या आणि लोकांनी त्या जरीने, टिकल्यांनी, मण्यांनी सजवल्या. अशी जुनी तसबीर कुठे मिळाली तर जवळून बघा. जरी लुगड्याच्या काठाला असते, टिकल्या मुकुटाला आणि हाराला. चेहऱ्यावर काहीही नसतं. लक्ष्मीचं होलो कार्ड करताना तेच करा : दागिने, नाणी आणि कमळाखालचं पाणी मोकळं सोडा, चेहरा आणि हात पांढऱ्याने पूर्ण झाका.

*माझा नातू न्यू जर्सीत असतो, आठ वर्षांचा आहे. त्याला कार्डांचं वेड. त्याच्यासाठी आपल्या सगळ्या घरच्या माणसांची कार्डं करून पाठवावीत असं मनात आहे. माप किती ठेवू? आणि कार्डावर काय लिहू?*
— एक आजी, ठाणे

आजी, तुमचं पत्र मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

माप ६३ बाय ८८ मिलिमीटर ठेवा. पोकेमॉनची कार्डं याच मापाची असतात, त्यामुळे त्याच्याकडे असलेल्या अल्बमच्या खणात आणि स्लीव्हमध्ये तुमची कार्डं बरोबर बसतील. घरातलं कोणी फाइल करणार असेल तर त्यांना सांगा : ३०० डीपीआयला ७४४ बाय १,०३९ पिक्सेल, आणि कापायला चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र. मूळ कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं. आपल्या कार्डात होलो शीट, पारदर्शक शीट आणि पाठीची फिल्म असे थर चढणार, म्हणून आतला कागद १७० ते २०० जीएसएमचाच घ्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप). ३०० चा घेतलात तर कार्ड जाड होईल आणि स्लीव्हमध्ये घट्ट बसेल.

मजकुरात त्याला ओळखीचा साचा हवा आणि आतला माल आपला हवा. वर नाव, पण त्याने हाक मारायचं नाव : आत्या, मामा, पणजोबा. खाली दोन शक्ती. त्या खऱ्याच लिहा. मामा डोळे मिटून गाडीचा आवाज ओळखतो, आत्या एका दमात मनाचे श्लोक म्हणते, अशा. मग एक कमजोरी, कोणाला न दुखावणारी. आणि सगळ्यांत खाली एका ओळीत तो माणूस कुठला, काय करायचा. पणजोबा गिरणीत होते तर कुठल्या खात्यात होते तेही लिहा. मजकूर मराठीत ठेवा आणि अक्षर मोठं ठेवा, तो एक एक अक्षर लावून वाचेल. मजकुराच्या पट्टीखाली पांढरं पूर्ण द्या, तिथे अजिबात चमक नको.

प्रत्येकाच्या कार्डात कोणती एकच गोष्ट चमकेल ते तुम्ही ठरवा. पणजीची नथ, काकांच्या सायकलचं चाक, आत्याच्या हातातलं पदक. चेहरे सगळे साधे. जुने कृष्णधवल फोटो असतील तर ते तसेच ठेवा, रंगवू नका. करड्या फोटोत एकटी नथ रंग बदलताना फार देखणी दिसते.

कापताना कात्री वापरू नका. थरांचं कार्ड कात्रीत सरकतं आणि कड तिरकी जाते. स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट आणि नवं पातं, आणि एका जागेवरून हलक्या हाताने तीन-चारदा फिरवायचं. जोर लावला की फिल्म कडेला उचलली जाते. कोपऱ्यांसाठी ३ मिलिमीटर गोलाईचा कॉर्नर कटर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. थर जास्त असतील तर तो एका दाबात कापणार नाही, दोनदा दाबा, कार्ड मधे हलू देऊ नका. कापून झालं की कडांवर पांढरी रेघ दिसेल, तिच्यावरून करड्या मार्करचं टोक फिरवा. मग प्रत्येक कार्ड स्लीव्हमध्ये, सगळी मिळून कडक प्लास्टिकच्या डबीत, आत सिलिका जेलची एक पुडी. पाकीट टपालात वाकू नये म्हणून डबीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. आणि तुमचं स्वतःचं कार्ड विसरू नका, पत्रातल्या यादीत ते नव्हतं.